मूक आर. एन. ए. आणि रक्ताचा कर्करोग

पेशीच्या केंद्रकातील डी. एन. ए. मध्ये आनुवंशिक आज्ञा साठविलेल्या असतात. जनुकाची नक्कल आर. एन. ए. या रेणूत उतरते व तिच्याबरहुकूम प्रथिन घडते, हा सर्वसामान्य क्रम होय. परंतु मानवी डी. एन. ए. चा जेमतेम २ टक्के भागच प्रथिनांचे संकेत धारण करतो. उरलेल्यापैकी बऱ्याच भागाच्या नकला निघतात. त्यांपासून प्रथिन मात्र होत नाही. मग या मूक आर. एन. ए. चे प्रयोजन काय?

या प्रश्नाचा पाठपुरावा वाराणसीत दीर्घकाळ झाला आहे. फळमाशीच्या गुणसूत्रांवर ‘९३ डी’ नावाचे एक स्थान आहे. उष्णतेचा आघात होताच ते इतर काही स्थानांबरोबर फुगून कार्यप्रवण होते. बेंझामाइड हे रसायन मात्र एवढ्या एकाच स्थानाला जागे करते. काशी हिंदू विश्वविद्यालयातील प्राणिशास्त्रज्ञ सुभाषचंद्र लखोटिया यांनी या गुणधर्माचा उपयोग करून १९८२ साली दाखविले की, ते स्थान जागे झाले तरी कोणतेही नवे प्रथिन निर्माण होत नाही. पुढे २००० साली त्यांच्या गटाला आढळले की, तेथील आर. एन. ए. केंद्रकातील काही प्रथिनांना सूक्ष्म ठिपक्यांत बांधून ठेवतो. त्यांना ‘ओमेगा ठिपके’ असे नाव मिळाले.

याच विश्वविद्यालयाच्या आवारात २०१९ पासून महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र आहे. तेथे येणाऱ्या रुग्णांशी माशीच्या रेणूचा काय संबंध, असे कोणी विचारील. महत्त्व त्या एका रेणूचे नव्हे, तत्त्वाचे आहे: प्रथिन न घडविणारा आर. एन. ए. देखील पेशीचे नियमन करतो.

दीर्घकालिक लिंफोसायटिक ल्युकेमिया या रक्तकर्करोगात निम्म्याहून अधिक रुग्णांच्या रोगपेशींत तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. रोगाला आवरणारे प्रथिन-जनुक तेथे असावे, या अपेक्षेने पुष्कळ शोध झाला. २००२ साली जॉर्ज कॅलिन, कार्लो क्रोचे आदींना तेथे सापडले ते दोन चिमुकले मायक्रो-आर. एन. ए.; प्रत्येकाची लांबी सुमारे २२ अक्षरे! हे रेणू बी. सी. एल.-२ या प्रथिनाच्या निर्मितीला लगाम घालतात, असे २००५ साली दिसून आले. बी. सी. एल.-२ पेशीचा मृत्यू टाळते. लगाम सुटला म्हणजे मरणोन्मुख पेशीही मरत नाहीत. त्या रक्तात साचत जातात.

त्याच प्रथिनाला थेट अडविणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ साली अमेरिकेत मान्य झाले. मात्र सर्वच मूक रेणू रक्षक नसतात. मायक्रो-आर. एन. ए. १५५ चे प्रमाण वाढविलेल्या उंदरांत कर्करोग उद्भवला. तेव्हा कोणता रेणू कोणत्या जनुकाला आवरतो, हे एकेक करून तपासणे, हेच आजच्या संशोधकांपुढील कार्य आहे.