अध्यापकांच्या अटीवर उभे राहिलेले महाविद्यालय

मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली सुरू झाले. १८५१ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. एतद्देशीय विद्यार्थी हे शास्त्र उत्तम रीतीने आत्मसात करू शकतो, हे त्या तुकडीने सिद्ध केले. तथापि तोच विद्यार्थी उत्तम प्राध्यापकही होऊ शकतो, हे मान्य होण्यास पाऊणशे वर्षे जावी लागली. अध्यापनाच्या प्रमुख जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील, बहुतांशी युरोपीय, अधिकाऱ्यांकडे असत. त्या सेवेची प्रवेशपरीक्षा १८५५ पासून हिंदी उमेदवारांना खुली होती खरी. पण दीर्घकाळ ती लंडनमध्येच होत असे!

ही कोंडी फुटली ती एका अटीमुळे. शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महाविद्यालयासाठी देणगी दिली, ती तेथील सर्व अध्यापक सरकारी सेवेत नसलेले सुविद्य हिंदी असावेत, या अटीवर. १९२६ साली परळ येथे हे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले महापालिकेचे के. ई. एम. रुग्णालय उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता पहिले अधिष्ठाता झाले. देणगी म्हटली की नावाची अट येतेच. येथे अध्यापकाचीही अट होती, आणि तीच मोलाची ठरली.

परंतु त्या अटीने 'शिकवावे कोणी' एवढाच प्रश्न सोडवला. 'शिकविणाऱ्याला शिकवावे कोणी' हा प्रश्न तसाच राहिला. माध्यमिक शाळेतील शिक्षकाला अध्यापनाची पदवी लागते. वैद्यकाचा अध्यापक मात्र वॉर्डातून निघतो तो थेट वर्गात येऊन उभा राहतो. निष्णात शल्यविशारद हा निष्णात शिक्षकही असणारच, हे गृहीत धरले जाते. ते सदैव खरे नसते, हे मागच्या बाकावरील विद्यार्थी जाणतात.

या उणिवेची दखलही याच संस्थेने घेतली. २००५ साली फिलाडेल्फियाच्या 'फायमर' या प्रतिष्ठानाच्या सहकार्याने तेथे वैद्यक-अध्यापकांसाठी प्रादेशिक केंद्र सुरू झाले. अध्यापकाने दोन वर्षांच्या अवधीत आपल्याच महाविद्यालयात एक शैक्षणिक प्रकल्प पार पाडावा, अशी त्याची योजना. पुढे २०१९ पासून देशभर क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि अध्यापन-प्रशिक्षणाची निकड सर्वत्र जाणवू लागली.

तरीही मूळ दुखणे कायम आहे. बढतीच्या वेळी अध्यापकाचे शोधनिबंध मोजले जातात. वर्गात त्याने काय घडवले, ते मोजण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी शस्त्रक्रिया, आणि उरल्या वेळात अध्यापन, अशी ही ओढाताण आहे. तीन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र त्यावर उतारा नव्हे. अध्यापनाला राखून ठेवलेला वेळ आणि बढतीत त्याचे वजन, या दोन गोष्टी आता मिळाल्या पाहिजेत. शंभर वर्षांपूर्वी देणगीदारांनी अध्यापकासाठी अट घातली होती. आज ती शासनाने आणि विद्यापीठांनी स्वतःवरच घालून घ्यावयाची आहे.