३६ महिन्यांचा हिशेब

मंडळाच्या पिकनिकला चार आई-बाप एकत्र बसले की पाच मिनिटांत गाडी मुलांच्या कॉलेजवर येते. कुणाचा मुलगा स्टॅनफर्डला, कुणाची मुलगी एम.आय.टी.ला. आमची ताई अशा वेळी हळूच उठून चहाचं बघायला जायची. तिचा मुलगा हायस्कूल संपताच अमेरिकन सैन्यात भरती झाला, आणि त्यानंतरच्या सहा वर्षांत तिने ही गोष्ट मंडळात फार थोड्यांना सांगितली.

गेल्या वर्षी भाचा सैन्यातून बाहेर पडला आणि त्याचा मला फोन आला. "मामा, मला इंटरनॅशनल स्टडीज शिकायचंय. कॉलेज निवडायला मदत करशील?" पाठोपाठ भावोजींचा फोन : "तू सॉफ्टवेअरमधला माणूस, तुझं तो ऐकेल. त्याला जरा कॉम्प्युटरकडे वळव."

इंजिनियरिंगमध्ये पीएच.डी. केल्यापासून मला एक सवय आहे. प्रश्न समोर आला की मी तक्ता मांडतो. कॉलेजचा क्रमांक, फी, घरापासूनचे अंतर, प्रत्येकाला गुण, शेवटी बेरीज. भाच्याने तक्ता पाहिला आणि म्हणाला, "मामा, यात माझी सहा वर्षं कुठे आहेत?"

त्याचे बरोबर होते. अठरा वर्षांच्या मुलासाठी केलेला तक्ता मी पंचवीस वर्षांच्या माजी सैनिकापुढे ठेवला होता. मग नव्याने अभ्यास केला. आपल्याही घरांतली मुले आता सैन्यात जातात, म्हणून त्यातले कामाचे तेवढे इथे मांडतो.

आधी पैशाचे. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४४ साली 'जी. आय. बिल' झाले. आज चालतो तो कायदा २००८ साली मंजूर झाला आणि ऑगस्ट २००९ पासून लागू झाला. एकूण ३६ महिने किंवा जास्त सक्रिय सेवा झाली असेल तर पूर्ण लाभ मिळतो. सरकारी विद्यापीठात राज्यातल्या विद्यार्थ्याला पडणारी सगळी फी सरकार भरते. माजी सैनिक ज्या राज्यात राहायला जाईल तिथल्या सरकारी विद्यापीठाने त्याला राज्याचाच दर लावावा, अशी तरतूद २०१४ च्या कायद्याने केली. त्यामुळे "आपण त्या राज्याचे नाही" या कारणाने एखादे विद्यापीठ यादीतून काढू नये.

खाजगी कॉलेजला मात्र वार्षिक मर्यादा आहे. ती दरवर्षी थोडी बदलते. २०२५-२६ साठी ती तीस हजार डॉलर्सच्या जरा खाली आहे. मोठ्या खाजगी विद्यापीठाची फी याच्या दुपटीहून अधिक असते. वरची रक्कम भरून काढण्यासाठी 'यलो रिबन' योजना आहे. कॉलेज जेवढा वाटा उचलते तेवढाच सरकार घालते. पण त्यात भाग घेणे कॉलेजच्या मर्जीवर असते, आणि काही ठिकाणी जागा मोजक्याच असतात. "तुम्ही यलो रिबनमध्ये आहात का?" एवढे विचारून थांबू नये. "किती जागा, किती रक्कम, आणि माझ्या अभ्यासक्रमाला लागू आहे का?" असे विचारावे.

घरभाड्याचा भत्ता कॉलेज ज्या भागात आहे तिथल्या दराने मिळतो. सगळे वर्ग ऑनलाइन घेतले तर मात्र राष्ट्रीय सरासरीच्या निम्माच मिळतो. सुट्टीच्या काळात काहीच मिळत नाही. भाचा एका चकचकीत जाहिरातीवरून संपूर्ण ऑनलाइन पदवीला नाव घालायच्या बेतात होता. भत्त्याचा आकडा मांडून दाखवल्यावर त्याने विचार बदलला.

पण खरा मुद्दा डॉलर्सचा नाही, महिन्यांचा आहे. हा लाभ साधारणपणे ३६ महिन्यांचा असतो. नऊ महिन्यांचे शैक्षणिक वर्ष धरले तर बरोबर चार वर्षे. शिवाय पदवीसाठी जे विषय मोजले जातात त्यांचेच पैसे मिळतात. एक सत्र वाया गेले की साडेचार महिने गेले, ते परत येत नाहीत. उलट, सैन्यात शिकलेल्याचे क्रेडिट मिळून पदवी तीन वर्षांत झाली तर नऊ महिने शिल्लक राहतात आणि ते पुढे मास्टर्सला वापरता येतात. या क्षेत्रात अनेक चांगल्या नोकऱ्यांना मास्टर्स लागते, हे लक्षात घेतले की त्या नऊ महिन्यांची किंमत कळते.

भाच्याची सहा वर्षे तक्त्यात बसतात ती इथे. सैन्यातल्या प्रशिक्षणाची नोंद 'जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्ट' या कागदावर असते. त्यावर अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने कुठल्या प्रशिक्षणाला किती क्रेडिट द्यावे याची शिफारस केलेली असते. शिफारसच, सक्ती नाही! भाच्याने कॅलिफोर्नियात माँटेरे इथल्या डिफेन्स लँग्वेज इन्स्टिट्यूटमध्ये ६४ आठवडे कोरियन शिकून, पुढे दक्षिण कोरियात काम केले होते. एका नावाजलेल्या खाजगी कॉलेजने त्याला सहा क्रेडिट देऊ केले आणि सांगितले, कोरियन पहिल्या वर्षापासून सुरू करा. दुसऱ्या एका सरकारी विद्यापीठाने भाषेची परीक्षा घेतली, त्याला तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बसवले आणि खालच्या वर्षांचे क्रेडिट दिले. माझ्या पहिल्या तक्त्यात पहिले कॉलेज बरेच वर होते.

आता अभ्यासक्रमाचे. 'इंटरनॅशनल स्टडीज' या एका नावाखाली बरेच वेगवेगळे माल विकले जातात. कुठे तो राज्यशास्त्राचाच भाग असतो, तर कुठे स्वतंत्र शाळा असते. वॉशिंग्टन शहरात जॉर्जटाउनची स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिस १९१९ पासून आहे, ती खाजगी. सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठाची जॅक्सन स्कूल आहे, आणि हवाई विद्यापीठ कोरियन भाषेसाठी प्रसिद्ध आहे. ही दोन्ही सरकारी. नाव कुठलेही असो, चार खांब तपासावेत : एक भाषा, एक प्रदेश, अर्थशास्त्रासारखा एक पक्का विषय, आणि आकडेवारी हाताळण्याचे शिक्षण. भाषा दोन सत्रांत संपत असेल तर ती पदवी पर्यटकाची समजावी. वरच्या वर्षाचा भाषावर्ग कागदावर आहे की पुढच्या वर्षी खरोखर भरणार आहे, हेही विचारावे. १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडल्यावर १९५८ च्या कायद्याने अमेरिकन सरकारने परकीय भाषांच्या शिक्षणाला मदत सुरू केली, पण असा निधी वॉशिंग्टनच्या हवेप्रमाणे बदलतो आणि आधी कात्री लागते ती लहान वर्गांना. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांच्या चळवळीवर डॉक्टरेट करणाऱ्या एलिनॉर झेलियट अशा प्रदेश-अभ्यासाच्या परंपरेतूनच आपल्याकडे आल्या, हे सांगितल्यावर भावोजी पहिल्यांदा या विषयावर गप्प बसून ऐकू लागले.

परदेशी सत्राबद्दल एक सूचना. तिथले विषय पदवीत मोजले जाणार की नाही, हे निघण्यापूर्वी कॉलेजकडून लेखी घ्यावे. विमानभाडे या लाभात बसत नाही. पुढे सरकारी नोकरीत जायचे असेल तर परदेशातले मुक्काम आणि ओळखी यांची वही ठेवावी. सुरक्षा तपासणीच्या अर्जात हे सगळे विचारतात. त्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना प्राधान्य असते. भावोजींचा "पुढे काय?" हा प्रश्न या माहितीने निम्मा तरी सुटला.

आणि शेवटचे, प्रत्येक कॉलेजात माजी सैनिकांचे काम पाहणारी व्यक्ती असते. प्रवेश-कार्यालयाच्या आधी तिला फोन करावा. तो फोन कुणी उचलतो का, उचलल्यावर किती वेळ देतो, यावरून पुढच्या चार वर्षांचा अंदाज येतो. आम्ही नऊ ठिकाणी फोन केले, त्यातून चारच उरली.

भाच्याने शेवटी ते सरकारी विद्यापीठ घेतले. माझ्या पहिल्या तक्त्यात ते सातवे होते. पदवी तीन वर्षांत होईल असा त्याचा हिशेब आहे, आणि तो मी दोनदा तपासून पाहिला आहे.

परवा ताईकडे बसलो असताना त्याचा फोन आला. ताईने नेहमीसारखे पहिल्यांदा विचारले, "जेवलास का?" तो हसून म्हणाला, "आई, कोरियातही भेटल्यावर असंच विचारतात." मग ते कोरियनमध्ये कसे म्हणायचे ते त्याने तिला शिकवले. या गणपतीत ताईने ते चार जणींना म्हणून दाखवले, आणि मुलगा कोरियन कुठे शिकला तेही सांगितले.