छायेवरून भूमीचे वाचन : अवतरणस्थळाच्या निवडीची पद्धत

जबलपूरच्या मदनमहाल टेकड्यांवर ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे विखुरलेले आहेत. त्यांपैकी ‘बॅलन्सिंग रॉक’ या नावाने ओळखला जाणारा धोंडा अगदी लहानशा टेकूवर उभा आहे. 22 मे 1997 च्या भूकंपातही तो ढळला नाही. शंभर किलोमीटर उंचीवरून टिपलेल्या चित्रात असा धोंडा म्हणजे एक उजळ ठिपका व त्याला लगटलेली छाया. तो जमिनीत रुतला आहे की नुसता टेकला आहे, हे त्यावरून कळत नाही. चंद्रावर वा मंगळावर रोव्हर उतरविण्यासाठी जागा निवडणाऱ्यांपुढे हीच अडचण असते. हाती असते ते चिन्ह. निर्णय करावयाचा असतो तो वस्तूविषयी.

सूर्याची क्षितिजापासूनची उंची ठाऊक असल्यास छायेच्या लांबीवरून खडकाची उंची काढता येते. सूर्य 45 अंशांवर असता दोन्ही समान असतात. 6 अंशांवर असता एक मीटर उंच खडकाची छाया सुमारे साडेनऊ मीटर पडते. तिरपा प्रकाश अशा रीतीने लहान खडक उघड करतो, परंतु लगतचे खळगे झाकूनही टाकतो. म्हणून एकाच भूभागाची भिन्न वेळची चित्रे ताडून पाहावी लागतात. दोन कोनांतील चित्रांवरून व लेसर किरण परतण्यास लागणाऱ्या वेळेवरून उतार काढतात. जमीन रात्री किती वेगाने निवते, यावरून ती धुळीची की खडकाळ याचा अदमास घेतात. अनेक हस्तलिखिते ताडून पाठ निश्चित करणाऱ्या संपादकाची रीत याहून फार वेगळी नाही. मात्र चुकीचा पाठ मागाहून दुरुस्त करण्याची सोय उतरणाऱ्या यानाला नसते.

1976 साली व्हायकिंग-1 हे यान 4 जुलै रोजी मंगळावर उतरावयाचे होते. कक्षेतून आलेल्या चित्रांत नियोजित जागा ओबडधोबड दिसल्याने अवतरण लांबणीवर पडले व यान 20 जुलैला अन्यत्र उतरले. तेथेही सुमारे दोन मीटरांचा एक खडक यानापासून दहा मीटरांच्या आत निघाला. त्या काळच्या कक्षीय चित्रांत एवढी लहान वस्तू उमटतच नव्हती.

चांद्रयान-2 साठी 15 अंशांहून कमी उतार, अर्ध्या मीटरहून लहान खडक आणि काही दिवस सलग सूर्यप्रकाश हे निकष होते. त्याचा लँडर सप्टेंबर 2019 मध्ये कोसळला. कक्षेतील यान मात्र कार्यरत राहिले. त्याच्या कॅमेऱ्यातून सुमारे 25 ते 30 सेंटीमीटरपर्यंतचा तपशील मिळू लागला. तरीही चांद्रयान-3 साठी अवतरणक्षेत्र आकसले नाही. पूर्वीच्या 500 मीटर चौरसाऐवजी ते 4 किलोमीटर लांब व 2.4 किलोमीटर रुंद ठेवण्यात आले आणि नेमकी जागा ठरविण्याचे काम अखेरच्या क्षणी लँडरच्या कॅमेऱ्यावर सोपविले गेले. अधिक सूक्ष्म दृष्टी लाभल्यावर क्षेत्र विस्तारणे हा विरोधाभास भासतो. वस्तुतः तो वाचनाच्या मर्यादेचा स्वीकार आहे.

23 ऑगस्ट 2023 रोजी लँडर सुखरूप उतरला. चारच दिवसांनी प्रज्ञान रोव्हरसमोर तीन मीटरांवर चार मीटर व्यासाचे विवर आले आणि त्याला माघारी वळविण्यात आले. वरून केलेले वाचन अवतरणापुरते पुरेसे ठरले होते; पुढचा प्रत्येक मीटर जमिनीवरूनच वाचावा लागला.