आपल्या मुलांसाठी हिमालयाची पहिली वाट

शाळेच्या सहलीचा विषय निघाला आणि मी हिमालयाचे नाव घेतले की पालकांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न उमटतो. कळमनुरी तालुक्यातील एका आईने तो मला सरळच विचारला होता : "मॅडम, लेकरू एवढं लांब कशाला धाडायचं? तिथं काही झालं तर?" या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला 'कशाला' आणि दुसरा 'काही झालं तर'. या लेखात दोन्ही भागांचे उत्तर क्रमाने देण्याचा प्रयत्न करते. नुसता उत्साह पुरेसा नाही; पालकाला माहितीच्या आधारे निर्णय घेता आला पाहिजे.

प्रथम 'कशाला' पाहू. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला येथे सम्राट अशोकाचा आठवा शिलालेख आठवतो. पूर्वीचे राजे विहारयात्रा करीत, म्हणजे शिकार आणि करमणुकीसाठी फिरत; आपण मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीच्या स्थळी, बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, असे अशोक त्यात नोंदवतो. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांना साहाय्य, जनपदातील सामान्य माणसांचे दर्शन आणि त्यांच्याशी धम्मविषयक संवाद या गोष्टी होत. प्रवासाचा हेतू बदलला की प्रवासच बदलतो, ही जाणीव सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आपल्या देशात दगडावर कोरली गेली. याच आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या महाराष्ट्रात, सोपारा येथे सापडला. हीच लेखमाला हिमालयाच्या पायथ्याशी, डेहराडूनजवळ यमुनाकाठच्या कालसी येथे एका प्रचंड शिळेवर आजही उभी आहे. सोपारा आणि कालसी ही एकाच विचाराची दोन टोके आहेत. तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स यांनी महाधम्मरक्खित थेरांना महाराष्ट्रात आणि मज्झिम थेरांना हिमवंत प्रदेशात पाठविले, असे महावंस सांगतो. म्हणजे आपली भूमी आणि हिमालय यांना जोडणारी वाट आपण नव्याने काढत नाही. ती जुनीच आहे.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघाले होते. अस्पृश्य प्रवाशाला वाटेत जो त्रास होई, तो टाळण्यासाठी त्यांनी गाजावाजा न करता, ओळख न देता प्रवास करण्याचे ठरविले होते. तरीही दौलताबादच्या किल्ल्याबाहेरील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतल्यावर जमाव चालून आला आणि पाणी बाटविल्याचा आरोप झाला. शेवटी किल्ल्यात कोठेही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर आणि सोबत शिपाई देऊन त्यांना आत सोडण्यात आले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. ज्या निजामी राज्यात हे घडले त्याच राज्यात तेव्हा आपले हिंगोलीही होते. आपल्या आजोबा-पणजोबांसाठी प्रवास म्हणजे पोट भरण्याची वाट होती. पाहण्यासाठी, शिकण्यासाठी, आनंदासाठी केलेला प्रवास हा दुसऱ्यांचा अधिकार होता. आजही ऊसतोडीच्या टोळीबरोबर शेकडो किलोमीटर प्रवास केलेली मुले आपल्या वसतिगृहात आहेत. त्यांनी रस्ते पुष्कळ पाहिले, पण स्वतःसाठी एकही प्रवास केला नाही.

'आपली मुले तेथे टिकतील का?' या शंकेला उत्तर मिळालेले आहे. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातील आदिवासी कन्या मालावत पूर्णा २५ मे २०१४ रोजी, वयाच्या चौदाव्या वर्षात, एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. तिच्याबरोबर दलित समाजातील आनंदकुमार होता. दोघेही समाजकल्याण विभागाच्या निवासी शाळांचे विद्यार्थी. मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य' या उपक्रमातून चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनीही एव्हरेस्ट सर केले. आपल्याला एव्हरेस्टवर जायचे नाही. पण क्षमतेचा प्रश्न आता शिल्लक राहिलेला नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

आता प्रत्यक्ष वाट कोणती, ते पाहू. नवशिक्यांसाठी मी जी वाट सुचवते ती उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यातील दयारा बुग्यालची. मी स्वतः विद्यार्थ्यांच्या एका गटाबरोबर ती चालले आहे. बुग्याल हा गढवाली शब्द. उंचावर जेथे झाडे संपतात आणि बर्फाचे राज्य अजून सुरू झालेले नसते, त्या पट्ट्यातील गवताळ कुरणाला बुग्याल म्हणतात. हिवाळ्यात ते बर्फाखाली निजते, उन्हाळ्यात हिरवे होते आणि पावसाळ्यात फुलांनी भरते.

हिंगोलीहून दिल्ली आणि तेथून डेहराडून असा रेल्वेप्रवास होतो. डेहराडूनहून उत्तरकाशीमार्गे बारसू या गावी पोहोचायला वाहनाने जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. बारसू सव्वादोन हजार मीटरच्या आसपास आहे. पहिला मुक्काम तेथेच. दुसऱ्या दिवशी जंगलातून चार-पाच किलोमीटर चढून बरनाला या तळ्याकाठच्या मोकळ्या जागी मुक्काम. तिसऱ्या दिवशी बुग्याल पाहून मुक्कामी परत. चौथ्या दिवशी रैथल गावाकडे उतार. सर्व मिळून चालणे वीस-पंचवीस किलोमीटरचे. रोज चार ते सहा तास. कोठेही दोर लावून चढावे लागत नाही. हा गिर्यारोहणाचा नव्हे, पायी चालण्याचा मार्ग आहे, हा फरक पालकांनी ध्यानात घ्यावा.

ही वाट म्हणजे वनस्पतिशास्त्राचा उभा मांडलेला धडा आहे. गावाजवळ बांज म्हणजे ओकची झाडे लागतात, त्यांच्यात बुरांशची लाल फुले दिसतात. वर खर्सू हा ओकचाच दुसरा प्रकार येतो. जसजसे चढावे तसतशी झाडे खुजी होतात आणि एका रेषेपाशी जंगल थांबते. तिच्यापुढे सुमारे ३,४०० मीटरवर कुरण पसरलेले असते आणि समोर ६,३१६ मीटर उंचीचे बंदरपूंछ उभे राहते. आपल्या राज्याचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, आणि हिंगोली साडेचारशे मीटरच्या आसपास. मुलांना मी तेथे एक गणित घातले : दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, तर हिंगोलीपेक्षा येथे किती गार असेल? उत्तर एकोणीस-वीस अंश आले. रात्री तंबूबाहेर आल्यावर उत्तर आणखी पटले. भूगोलाचा दुसरा धडा पायाखाली होता. आपल्या औंढ्याच्या डोंगरातला काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. हिमालय त्यानंतर, भारताचा भूखंड आशियाला भिडल्यावर, उचलला गेला. म्हणजे वयाने आपल्या घराजवळची टेकडी या पर्वतराजाहून थोरली आहे. हे ऐकून मुलांची छाती जरा फुगली, आणि ती फुगू द्यावी.

रैथलच्या लोकांच्या उन्हाळी झोपड्या, ज्यांना छानी म्हणतात, जंगलाच्या कडेला दिसतात. गावकरी गुरे घेऊन वर येतात आणि ऑगस्टमध्ये दयारावर दूध, ताक, लोणी यांचा उत्सव करतात. आपल्या पोळ्याशी त्याचे नाते मुलांना लगेच कळते. अशोकाने सांगितलेले जनपदाचे दर्शन ते हेच. तेथील वाटाड्याला, खेचरवाल्याला, स्वयंपाक्याला मुलांनी 'भैय्याजी' म्हणावे, त्यांच्या नावाने ओळखावे, आपले ताट आपण धुवावे. ज्या समाजाने श्रमाची अवहेलना सोसली, त्याच्या मुलांनी दुसऱ्याच्या श्रमाचा मान राखला नाही तर यात्रा फुकट गेली.

आता 'काही झालं तर'. हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. जून २०२४ मध्ये याच जिल्ह्यातील सहस्रतालच्या मार्गावर, दयाराहून पुष्कळ उंचावर, वादळात सापडून कर्नाटकातील गटातील ९ पदयात्री मरण पावले. म्हणून पहिली निवड जंगलाच्या आडोशाची, कमी उंचीची आणि गावाजवळची असावी. मे ते जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ धरावा. पावसाळ्यात दरडी कोसळतात. हिवाळ्यात बर्फावरून चालण्याचे शिक्षण नसेल तर जाऊ नये.

दुसरा धोका उंचीचा. उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच असते, परंतु हवेचा दाब कमी होतो. दयाराच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश राहतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, चक्कर, झोप न येणे ही लक्षणे दिसू शकतात. त्यावर उपाय साधे आहेत : हळू चालणे, दिवसाला तीन-चार लिटर पाणी, पोटभर जेवण आणि उंची टप्प्याटप्प्याने गाठणे. तीन हजार मीटरनंतर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वर नेऊ नये. लक्षणे वाढली तर औषधाची वाट न पाहता खाली उतरावे. खाली उतरणे हेच मुख्य औषध आहे.

आपल्या समाजाला एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार महाराष्ट्रातील आदिवासींत आणि काही अनुसूचित जातींत आढळतो. कमी प्राणवायूत अशा रुग्णाला गंभीर त्रास होऊ शकतो. वाहक असलेल्या आणि एरवी ठणठणीत दिसणाऱ्या मुलालाही उंचावर प्लीहेचा त्रास संभवतो. म्हणून प्रत्येक मुलाची सिकलसेल तपासणी, हिमोग्लोबिन आणि दम्याची विचारपूस जाण्यापूर्वी झालीच पाहिजे. ही तपासणी शासकीय रुग्णालयात होते. सर्वसाधारण माहितीपत्रकांत हा मुद्दा सहसा नसतो. आपल्या शाळेच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर असावा.

आमच्या गटातील एक प्रसंग सांगते. बरनालाच्या मुक्कामी नववीतला एक मुलगा जेवला नाही. विचारले तर "काही नाही मॅडम" एवढेच म्हणाला. रात्री मित्राने येऊन सांगितले, त्याचे डोके दुपारपासून दुखत होते आणि तो ओकला होता. मी जवळ बसले तेव्हा तो रडत म्हणाला, "माझे पैसे दुसऱ्यांनी भरलेत मॅडम. मी खाली गेलो तर ते वाया जातील." मला त्या रात्री झोप लागली नाही. उजाडताच वाटाड्या आणि एक शिक्षक त्याला बारसूला घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत तो बरा झाला. पण त्याने लपवले आणि आम्ही आणखी वर गेलो असतो तर? गरिबीत वाढलेले मूल उपकाराच्या ओझ्याखाली दुखणे गिळते. श्रीमंताचे मूल डोके दुखताच ओरडते. म्हणून निघण्यापूर्वी शिक्षकांनी आणि पैसे देणाऱ्यांनीही मुलांना स्पष्ट सांगावे : वर्गणी चालण्यासाठी दिली आहे, वर पोहोचण्यासाठी नाही, परत फिरणे म्हणजे हरणे नव्हे. परत आल्यावर त्या मुलानेच परिपाठात सर्वांना उंचीचा आजार समजावून सांगितला.

तयारीचे तीन महिने पुरतात. रोज सकाळी पाच किलोमीटर चालणे, आठवड्यातून एकदा पाठीवर ओझे घेऊन औंढ्याची टेकडी चढणे. बूट नवे कोरे नकोत. महिनाभर वापरलेले असावेत. कपडे एक जाड घेण्यापेक्षा तीन पातळ थरांत असावेत; सुती कपडा भिजला की अंग गारठवतो. मुलींसोबत शिक्षिका असावी, आणि पाळीच्या दिवसांची सामग्री व तिची विल्हेवाट यांविषयी आधीच मोकळेपणाने बोलावे; पाळी हे मागे राहण्याचे कारण नाही. मार्गदर्शक संस्था निवडताना वाटाड्याचे प्रशिक्षण, प्राणवायूचे नळकांडे, प्रथमोपचार आणि वन खात्याची परवानगी यांची चौकशी करावी. १९४९ मध्ये स्थापन झालेली युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया अल्प खर्चात हिमालयीन पदयात्रा भरवते. तोही पर्याय आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामास बंदी घातली, कारण तंबूंनी कुरणे उजाड होत होती. तेव्हा तंबू जंगलाच्या कडेलाच हवेत आणि आपला कचरा आपल्याच पाठीवर खाली आला पाहिजे.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. बूट, जाड जाकीट, झोपण्याची थैली आणि पावसाळी अंगरखा यांवर एका मुलामागे होणारा खर्च कुटुंबाला झेपत नाही. पण या वस्तू एकदा घेतल्या तर अनेक वर्षे चालतात. वीस मुलांचा असा संच शाळेत एका पेटीत राहावा, दरवर्षी नव्या तुकडीने तो वापरावा आणि धुऊन परत ठेवावा. ती पेटी कोणा एकाच्या नावाने नसावी, म्हणजे कोणत्याही मुलाला कोणा एकाचे ओझे वाटणार नाही. येताना एक दिवस कालसीला थांबावे. त्या शिळेवरील अक्षरे मुलांना वाचता येणार नाहीत, पण त्यांपैकी एक लेख यात्रेविषयी आहे आणि त्याचाच तुकडा महाराष्ट्रातही सापडला, हे त्यांना तेथे उभे राहून कळेल.

त्या कळमनुरीच्या आईने पुढे आपल्या मुलीला पाठविले. मुलगी परतल्यावर ती मला भेटली तेव्हा तिने एकच सांगितले : "आता ती मला गावाच्या टेकडीवर घेऊन जाती, मॅडम. म्हणती, आई, हळू चाल, पाणी पी."