मासळी : समुद्रातील की तळ्यातील?




जमाखर्चाच्या आकड्यांसोबत आरोग्यविषयक एक लेख अहवालात देण्याची आपल्या संस्थेची प्रथा आहे. या वर्षी आम्ही मासळीचा विषय निवडला आहे. रुग्णालयाच्या आहारविभागात हल्ली एक प्रश्न वारंवार विचारला जातो : समुद्रातील मासळी खावी की तळ्यात पोसलेली? कोणी ऐकलेले असते की तळ्यातील माशांना औषधे चारतात. कोणी वाचलेले असते की समुद्रातील माशांत पारा असतो. परदेशी असलेली मुले दूरध्वनीवरून आणखी निराळेच सांगतात. परिणामी काही घरांतून मासळीच बंद होते आणि त्याची सर्वाधिक झळ गर्भवती स्त्रिया व वाढत्या वयाची मुले यांना बसते. यास्तव आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून ही माहिती सिद्ध केली आहे.

पोसलेली मासळी आता अपवाद राहिलेली नाही

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अहवालानुसार २०२२ साली जगात मत्स्यशेतीतून मिळालेले मासे, कोळंबी, शिंपले आदी जलचर प्रथमच पकडलेल्या जलचरांहून अधिक भरले. हे उत्पादन ९ कोटी ४४ लाख टन, म्हणजे एकूण उत्पादनाच्या सुमारे ५१ टक्के होते. आपल्या बाजारातील रोहू, कटला व मृगळ हे बहुतांशी तळ्यांतील असतात आणि त्यांचा मोठा भाग आंध्र प्रदेशातून येतो. कोळंबीतही पोसलेली ‘व्हनामी’ २००९ नंतर मोठ्या प्रमाणावर आली. रायगड जिल्ह्यात तर शेतालगतच्या तळ्यांत जिताडा वाढविण्याची परंपरा जुनीच आहे. तेव्हा पोसलेली मासळी सर्वस्वी त्याज्य मानणे व्यवहार्य नाही आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, आवश्यकही नाही.

समुद्रातील मासळी व पारा

पाण्यात मिसळलेला पारा जिवाणूंच्या क्रियेने मिथाइल पाऱ्यात रूपांतरित होतो. लहान मासा तो अल्प प्रमाणात साठवितो. त्याला खाणाऱ्या मोठ्या माशात तो वाढत जातो. मासा जितका मोठा, दीर्घायुषी व शिकारी, तितका पारा अधिक. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्यामुळे उद्भवलेला मज्जासंस्थेचा विकार १९५६ साली उघडकीस आला. मातांमध्ये फारशी लक्षणे नसतानाही त्यांची अर्भके गंभीर रीतीने बाधित झाल्याचे तेथे आढळले.

म्हणून गर्भवती, स्तनदा माता, गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रिया व लहान मुले यांनी मुशी (मोरी) तसेच आकाराने फार मोठे शिकारी मासे टाळावेत. शरीरातील मिथाइल पारा निम्मा होण्यास सुमारे दोन महिने लागतात. त्यामुळे ही काळजी आधीपासून घेतलेली बरी. मात्र बांगडा, तारली, पेडवे यांसारख्या लहान माशांत पारा कमी असून मेंदूच्या वाढीस उपयुक्त असे ओमेगा-३ स्निग्धाम्ल भरपूर असते. ही मासळी तुलनेने स्वस्तही असते. महाग मासा तोच पौष्टिक, हा समज येथे खोटा ठरतो.

तळ्यातील मासळी व औषधे

रोहू-कटल्यांचे खाद्य मुख्यतः पाण्यातील सूक्ष्म जीव, भाताचा कोंडा व पेंड हे असते आणि ते लवकर विक्रीयोग्य होतात. म्हणून त्यांत पारा सहसा कमी असतो. तथापि ओमेगा-३ही समुद्रातील तेलकट माशांहून कमी असते. प्रथिनांच्या बाबतीत मात्र ते उणे नाहीत.

येथील चिंता निराळी आहे. दाटीवाटीने वाढविलेल्या माशांत व कोळंबीत रोग पसरू नये म्हणून काही ठिकाणी प्रतिजैविके वापरली जातात. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांना मत्स्यसंवर्धनात आपल्याकडे बंदी आहे. तरीही प्रतिजैविकांचा अनिर्बंध वापर झाल्यास औषधांना न जुमानणारे जंतू निपजतात. त्याचा भार शेवटी रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांवरच येतो. थाई मांगूर या माशाच्या संवर्धनास केंद्र शासनाने २००० सालीच मनाई केलेली आहे. तो विकत घेऊ नये.

परदेशातून ऐकू येणारी भीती मुख्यतः सॅमन माशाविषयी आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पोसलेल्या सॅमनमध्ये पीसीबी ही प्रदूषके नैसर्गिक सॅमनपेक्षा अधिक आढळली होती. त्याचे कारण खाद्यातील मासळीचे तेल हे होते. पुढे खाद्यात वनस्पतिज तेलांचे प्रमाण वाढविण्यात आले. त्यामुळे प्रदूषके घटली व ओमेगा-३ही घटले. हा निष्कर्ष आपल्या रोहूस जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे.

दोहोंना सारखेच लागू असे काही

बाजारातील खरा धोका पुष्कळदा मासा कोठे वाढला यात नसून पकडल्यानंतर तो कसा ठेवला यात असतो. बांगडा, कुपा यांसारखे मासे बर्फाविना राहिल्यास त्यांत हिस्टामिन तयार होते. शिजविल्याने ते नष्ट होत नाही आणि खाल्ल्यावर अंग लाल होणे, पुरळ व डोकेदुखी असा त्रास होतो. २०१८ साली गोव्यात मासळीतील फॉर्मेलिनच्या प्रश्नावरून परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर काही काळ बंदी घालण्यात आली होती. मासळी टिकविण्यासाठी फॉर्मेलिन वापरण्यास कायद्याने परवानगी नाही. तिसऱ्या व कालवे पाणी गाळून अन्न मिळवितात, म्हणून त्यांत पाण्यातील जंतू व जड धातू साठतात. सांडपाणी मिसळणाऱ्या खाडीतील शिंपले खाऊ नयेत. यकृताचा विकार असलेल्यांनी ते कच्चे वा अर्धवट शिजलेले मुळीच खाऊ नयेत.

एक गोष्ट आम्ही विशेष आग्रहाने सांगू इच्छितो. मधुमेह वा दमा बरा होतो या समजुतीने रोहू-कटल्याचे कच्चे पित्त गिळल्यामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन रुग्णास डायलिसिसवर ठेवावे लागल्याच्या अनेक घटना भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत नोंदविलेल्या आहेत. मासा नदीचा असो वा तळ्याचा, त्याचे पित्त विषारीच आहे. हा उपाय कोणी सुचविल्यास त्यास कृपया परावृत्त करावे.

सारांश

१. आठवड्यातून दोन वेळा मासळी खावी. तीत शक्यतो एकदा बांगडा वा तारली असावी.
२. निरनिराळे मासे आलटून-पालटून खावेत, म्हणजे कोणताही एक दोष साचत नाही.
३. गल्ले लाल, डोळे स्वच्छ व मांस घट्ट असलेला, बर्फात ठेवलेला मासा घ्यावा.
४. मासळी नीट शिजवावी. पित्त व आतडी काढून टाकावीत.
५. रक्तदाब असलेल्यांनी खारवलेली सुकी मासळी बेताने खावी.
६. गर्भवतींनी भीतीपोटी मासळी सोडू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही कमी पाऱ्याची मासळी आठवड्याला सुमारे २२५ ते ३४० ग्रॅम खाण्याचा सल्ला त्यांना दिला आहे.

समुद्र की तळे, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर नाही. लाभ व हानी यांचा ताळेबंद मांडल्यास जपून निवडलेल्या मासळीची बाजू, ती कोठलीही असो, शिल्लकीचीच राहते. ही माहिती आपण आपल्या परिवारात, विशेषतः घरातील गर्भवती भगिनींपर्यंत पोहोचवावी, ही नम्र विनंती.