झिजलेल्या कडा

जपानी बेसबॉलमधील पुरस्कारविजेत्यांची कार्डे जमवताना मी सुरुवातीला कोऱ्या करकरीत कार्डांच्याच मागे लागलो. ती चूक होती. १९५०च्या दशकातील ‘मेन्को’ म्हणजे मुलांच्या खेळातली जाड पुठ्ठ्याची कार्डे. आपले कार्ड जमिनीवर आपटायचे; त्या झोताने दुसऱ्याचे उलटले, की ते आपले. युद्धात १९४४ साली मरण पावलेला पिचर एइजी सावामुरा याच्या नावाचा पुरस्कार १९४७ मध्ये सुरू झाला. मासाइची कानेदाने तो १९५६ ते १९५८ असा सलग तीनदा पटकावला. त्या काळातले त्याचे झिजलेले मेन्को हाती आले, तर टाकू नये. पुरस्कार निवडणारे देतात. झिजलेली कड ही मुलांनी दिलेली पावती असते.