युद्ध संपलं, कॅम्प राहिला

दुसऱ्या महायुद्धात कल्याण-डोंबिवलीत लढाई झाली नाही. तरीही इथल्या माणसांचं ताट, खिसा, झोप आणि जमीन या चारही गोष्टींना युद्धाने हात घातला.

आधी ताट. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा थांबला. कोकणपट्टी भातावर जगणारी, मुंबईचं पोट तर मोठं. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. पुढे लेव्हीसाठी, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीसाठी, सरकारी माणसं शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत पोचली. भात पिकवणाऱ्यालाच आपल्या भातावर हक्क उरला नाही, हे मला फार अन्यायाचं वाटतं. मग खिसा. बाजारात चिल्लर मिळेना. तांबं वाचवण्यासाठी १९४३ पासून भोकाचा पैसा निघाला.

घड्याळही बदललं. १ सप्टेंबर १९४२ पासून देशाची वेळ तासभर पुढे सरकवली, ती थेट ऑक्टोबर १९४५ पर्यंत. जानेवारीत सूर्य उगवायचा सव्वाआठच्या सुमारास. डोंबिवलीहून सातची लोकल धरणारा कारकून मिट्ट काळोखात घर सोडायचा. त्याचा डबा भरणारी बाई त्याच्याही आधी उठलेली असायची. तिच्या मोडलेल्या झोपेची नोंद कुठल्याच सरकारी दप्तरात नाही.

सगळ्यात खोल खूण मात्र कल्याणच्या शेजारी उमटली. मुंबई बंदर जवळ आणि नाशिक-पुण्याचे लोहमार्ग इथेच फुटतात, म्हणून लष्कराने इथे सैनिकांचा मोठा तळ उभारला. लोक त्याला कल्याण कॅम्प म्हणू लागले. रांगेने बॅरेकी बांधल्या गेल्या. युद्ध संपलं, सैन्य गेलं, आणि फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं त्याच रिकाम्या बॅरेकींत उतरली. एकेका बॅरेकीत मध्ये गोणपाटाचे, चादरींचे पडदे लावून संसार थाटले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर झालं. आज रिक्षावाल्याला ‘चार नंबर’ म्हटलं तरी पुरतं, तो कॅम्प नंबर चारला नेतो. पोस्टाच्या पत्त्यात अजून ‘बी. के. नंबर’ असतो, तो नंबर बॅरेकीचा.

सैनिकांसाठी बांधलेलं छप्पर निर्वासितांच्या कामी आलं, हे त्या युद्धाचं इथलं एकमेव भलं म्हणावं लागेल.

कल्याणजवळच्या नेवाळी गावाच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. युद्धाच्या धावपट्टीसाठी तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. लढाई संपल्यावर त्या परत मिळतील ही आशा बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे आली. दरम्यान लोक त्या जमिनी कसतच राहिले. नौदलाने तिथे कुंपणभिंत घालायला घेतली, तेव्हा २२ जून २०१७ रोजी आंदोलनाचा भडका उडाला. रस्ते अडले, पोलिसांच्या गाड्या पेटल्या, पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका चालवल्या, माणसं जखमी झाली. जाळपोळीचं समर्थन करता येत नाही. पण १९४५ मध्ये संपलेल्या युद्धासाठी घेतलेल्या जमिनीचा हिशेब बहात्तर वर्षांनीही रस्त्यावर मागावा लागला, त्याचा दोष शेतकऱ्यांच्या माथी मारता येणार नाही.